कॅप्टनचा अधिकार आणि सहवैमानिकाचा शब्द

(रत्नागिरी येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समुद्रावरील अधिकार म्हणजे काय, हे रत्नागिरीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरातून नौका बाहेर पडली की तिच्यावर तांडेलाचा शब्द चालतो. जाळे कोठे टाकावयाचे, वारा फिरला तर केव्हा परतावयाचे, हे तांडेल ठरवितो आणि खलाशी त्याप्रमाणे वागतात. कोकणात आडनाव म्हणूनही रूढ झालेला 'नाखवा' हा शब्द फारसीतील 'नाखुदा' या शब्दापासून आलेला असून नौकेचा धनी असा त्याचा मूळ अर्थ आहे. भर समुद्रात सभा भरवून निर्णय घेता येत नाहीत, ही गोष्ट किनाऱ्यावरील सर्व समाजांनी पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने मान्य केलेली आहे.

विमानातील कॅप्टन हा या तांडेलाचाच वंशज होय. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पॅन अमेरिकन कंपनीने समुद्रावरून लांब पल्ल्याची विमानसेवा सुरू केली, तेव्हा तिने आपल्या वैमानिकांना जहाजावरील अधिकाऱ्यांसारखा गणवेश दिला आणि मुख्य वैमानिकास 'कॅप्टन' ही जहाजावरचीच पदवी दिली. पुढे ती प्रथा जगभर पसरली. आज कॅप्टनच्या खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या असतात, सहवैमानिकाच्या खांद्यावर सामान्यतः तीन. ही एका पट्टीची उंची आकाशात किती मोठी ठरू शकते, आणि कधी कधी तिची किंमत किती जिवांनी चुकवावी लागते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा विषय केवळ वैमानिकांचा आहे, असे कोणी समजू नये. रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांची माणसे आखाती देशांत नोकरी करतात आणि विमानाने ये-जा करतात. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात चिपी येथील विमानतळाचे उद्‌घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. विमान आता कोकणच्या जीवनात आलेले आहे. त्याहीपेक्षा महत्त्वाचे असे की, जेथे जेथे एक वरिष्ठ आणि एक कनिष्ठ मिळून जबाबदारीचे काम करतात, तेथे तेथे कॉकपिटमधील हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा असतोच.

कायद्याने दिलेला अधिकार

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार, विमान ज्याच्या ताब्यात आहे त्या मुख्य वैमानिकाचा त्या विमानाविषयीचा निर्णय अंतिम असतो. सुरक्षिततेसाठी अगदी अपरिहार्य ठरल्यास उड्डाणाचे नियम बाजूस ठेवण्याची मुभाही त्याला आहे. विमानातील गुन्ह्यांविषयी १९६३ मध्ये टोकियो येथे झालेल्या करारानुसार, उड्डाणात उपद्रव देणाऱ्या प्रवाशाला आवरण्याचा व अडकवून ठेवण्याचा अधिकार कॅप्टनला मिळाला. भारताने त्यासाठी १९७५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. थोडक्यात सांगावयाचे तर, विमानाचे दार बंद झाल्यानंतर आत मंत्री असोत, उद्योगपती असोत वा त्या कंपनीचे अध्यक्ष असोत, कॅप्टनचा शब्द सर्वांवर बंधनकारक असतो.

या अधिकारामागे सबळ कारण आहे. उतरणारे विमान दर सेकंदास सत्तर ते ऐंशी मीटर अंतर कापत असते. अशा वेळी दोघांनी दोन वेगवेगळे निर्णय घेतले, तर एक चुकीचा निर्णय घेण्यापेक्षाही अधिक अनर्थ ओढवेल. निर्णय एकाचा आणि उत्तरदायित्वही त्याच एकाचे, हे तत्त्व म्हणूनच कोणी मोडीत काढलेले नाही, काढूही नये.

परंतु अधिकार एकाकडे असला तरी माहिती एकाकडेच असते असे नाही. विमान चालविणाऱ्याची नजर बाहेरच्या धावपट्टीवर असते, तेव्हा वेग आणि उंची दाखविणारी उपकरणे दुसरा वैमानिक वाचीत असतो. एकाच्या लक्षात न आलेली गोष्ट दुसऱ्याच्या लक्षात यावी, एवढ्याचसाठी तर विमानात दोन वैमानिक बसविलेले असतात. दुसऱ्याने पाहिलेले पहिल्यापर्यंत पोहोचलेच नाही, किंवा पोहोचूनही त्याने ते ऐकले नाही, तर कॉकपिटमध्ये दोन माणसे असूनही विमान एकाच माणसाच्या हाती असल्यासारखे होते.

धुक्यातील एक प्रश्न

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेटावर नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात झाला. दाट धुक्यात एकाच धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. यांपैकी एक विमान के. एल. एम. या डच कंपनीचे होते. त्याचे कॅप्टन व्हान झांटेन हे त्या कंपनीतील अतिशय ज्येष्ठ वैमानिक असून इतर वैमानिकांना ७४७ विमानाचे शिक्षण देणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची त्या विमानासाठीची परीक्षा काही आठवड्यांपूर्वी त्यांनीच घेतलेली होती.

कॅप्टनने प्रथम इंजिनांचा वेग वाढविला, तेव्हा अजून परवानगी मिळालेली नाही, असे सहवैमानिकाने सांगितले. कॅप्टनने ते मानले. नियंत्रण कक्षाकडून मार्गाविषयीची सूचना आली. ती उड्डाणाची परवानगी नव्हती. तरीही कॅप्टनने पुन्हा वेग वाढविला. या वेळी मात्र सहवैमानिकाने हरकत घेतली नाही. ज्या ज्येष्ठाने आपली परीक्षा घेतली त्याला एकाच मिनिटात दुसऱ्यांदा थांबविणे किती जड जात असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने, ते दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही काय, असा प्रश्न विचारला. झाले आहे, असे ठाम उत्तर मिळाले आणि तोही गप्प झाला. त्यानंतर काही सेकंदांतच सर्व संपले.

या अपघाताची कारणे अनेक होती. धुके होते, रेडिओवरील दोन संदेश एकमेकांत मिसळून अस्पष्ट झाले होते, बेटावरील लहान विमानतळावर ऐनवेळी विमानांची गर्दी झाली होती. तथापि शेवटच्या क्षणी संशय ज्याच्या मनात आला त्याने तो प्रश्नाच्या रूपात मांडला आणि ठाम उत्तर मिळताच मागे घेतला, ही गोष्ट जगभरच्या वैमानिकांच्या मनात कायमची रुतून बसली.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतील पोर्टलंड येथे युनायटेड कंपनीचे एक विमान इंधन संपल्याने शहराच्या वस्तीजवळ कोसळले. त्याच्या चाकांविषयी शंका आल्याने कॅप्टन सुमारे तासभर विमान घिरट्या घालीत ठेवून तपासणी करीत होता. इंधन कमी होत असल्याचे सहकाऱ्यांना दिसत होते, त्यांनी ते बोलूनही दाखविले. पण धोका किती निकट आला आहे हे त्यांच्या शब्दांतून कॅप्टनच्या मनावर ठसले नाही. विमानातील १८९ जणांपैकी १० जण मृत्यू पावले. चौकशी करणाऱ्या मंडळाने कॅप्टनच्या दुर्लक्षाकडे बोट दाखविले. त्याचबरोबर सहकाऱ्यांनी आपली चिंता परिणामकारकपणे पोहोचविली नाही, असेही नमूद केले.

या अनुभवांतून १९७९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने वैमानिक, कंपन्या आणि मानसशास्त्रज्ञ यांना एकत्र बोलाविले. विमानातील माणसे हीदेखील एक साधनसंपत्ती आहे आणि तिचा पूर्ण उपयोग करून घेणे हे कॅप्टनचे कर्तव्य आहे, असा विचार तेथे मांडला गेला. त्यातून 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' या नावाने आज ओळखले जाणारे प्रशिक्षण जन्मास आले. १९८१ मध्ये युनायटेड कंपनीने ते सुरू केले, पुढे ते सर्वत्र पसरले आणि भारतातील वैमानिकांनाही ते घ्यावे लागते.

मंगळूर : तीनदा दिलेला इशारा

प्रशिक्षण आले म्हणून प्रश्न सुटला, असे मात्र झाले नाही. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ मरण पावले, केवळ आठ वाचले. या अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायालयाचे अध्यक्षपद हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले या मराठी अधिकाऱ्याकडे होते.

या चौकशीतून जे बाहेर आले ते प्रत्येक वरिष्ठाने आणि प्रत्येक कनिष्ठाने वाचावे असे आहे. दहा हजार तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव असलेले कॅप्टन या प्रवासात बराच वेळ झोपले होते. विमान खाली येण्याच्या वेळी ते जागे झाले, पण झोपेची गुंगी उतरलेली नव्हती. विमान आवश्यकतेपेक्षा फार उंचावर होते आणि वेगही अधिक होता. अशा स्थितीत करावयाची गोष्ट प्रत्येक वैमानिकाला पाठ असते. उतरण्याचा प्रयत्न सोडून द्यावा, पुन्हा वर झेप घ्यावी आणि सावकाश दुसऱ्यांदा यावे. यालाच 'गो अराउंड' म्हणतात. सहवैमानिकाने 'गो अराउंड' असे एकदा नव्हे, तीनदा सांगितले. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्रही वारंवार बोलत होते. कॅप्टनने उतरण्याचाच हट्ट धरला. सुमारे ८,००० फूट लांबीच्या धावपट्टीपैकी जवळपास ५,२०० फूट मागे गेल्यावर विमानाची चाके जमिनीला टेकली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. धोका ज्याला स्पष्ट दिसत होता त्या सहवैमानिकासमोरही विमानाची तीच सर्व नियंत्रणे होती. त्याने ती हाती का घेतली नाहीत? यावर गोखले न्यायालयाने दिलेले उत्तर मोलाचे आहे. सहवैमानिकाने अशा वेळी स्वतः पुन्हा उड्डाण घ्यावे की नाही, याविषयीच्या वेगवेगळ्या सूचनांमध्ये संदिग्धता होती आणि बहुधा त्यामुळेच त्याने केवळ इशारे दिले, असे अहवालात म्हटले आहे. म्हणजे त्या तरुणाच्या धैर्याची परीक्षा करण्यापूर्वी, त्याला धैर्य दाखविण्याचा अधिकार कागदावर निःसंदिग्धपणे दिला होता काय, हे अहवालाने तपासले. प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही दृष्टी आहे.

कोळिकोड : गुणी कॅप्टन, उतार तीव्र

दहा वर्षांनी तेच पुन्हा घडले. ७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी, करोनाच्या काळात परदेशात अडकलेल्या भारतीयांना घेऊन दुबईहून आलेले त्याच कंपनीचे विमान केरळातील कोळिकोडच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळले. १९० जणांपैकी २१ जण मृत्यू पावले. त्यांत दोन्ही वैमानिक होते. कॅप्टन दीपक साठे हे मराठी वैमानिक. हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, प्रशिक्षणकाळात स्वोर्ड ऑफ ऑनर मिळविणारे, असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्या निधनाने महाराष्ट्र हळहळला.

त्या रात्री पाऊस होता. पहिल्या खेपेस धावपट्टी नीट न दिसल्याने कॅप्टन साठे यांनी नियमानुसार विमान पुन्हा वर नेले. दुसऱ्या खेपेस ते विरुद्ध दिशेने आले. आता वारा पाठीमागून होता आणि विमान हेलकावत खाली येत होते. सहवैमानिकाने 'गो अराउंड' असे सांगितले. ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट गेल्यानंतर विमान टेकले, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे पडलेली होती.

विमान अपघात तपास विभागाच्या २०२१ च्या अहवालाने, ठरलेल्या पद्धतीचे पालन न होणे हे संभाव्य कारण म्हणून नोंदविले. सहवैमानिकाला परिस्थितीचे गांभीर्य कळलेले असूनही, ठामपणाचा अभाव आणि कॉकपिटमधील अधिकाराचा तीव्र उतार यांमुळे त्याने नियंत्रण हाती घेतले नाही, असे अहवाल सांगतो. 'अधिकाराचा उतार' हा शब्दप्रयोग ध्यानात घेण्यासारखा आहे. डोंगराचा उतार फार तीव्र असला की वरून दगड सहज घरंगळत खाली येतो, पण खालून वर चढताना धाप लागते. अधिकाराचेही तसेच आहे. आज्ञा सहज खाली येते, पण सूचना वर पोहोचेपर्यंत तिचा जोर संपतो. उतार मुळीच नसेल तर कोणीच कोणाचे ऐकत नाही. तो फार तीव्र असेल तर वरचा खालच्याचे ऐकू शकत नाही. चढता येईल एवढाच उतार ठेवणे, हे नेतृत्वाचे काम आहे.

अहवालाने एका मृत वैमानिकावर सारा भार टाकलेला नाही. कॅप्टनच्या समोरील काचेचा वायपर नीट चालत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते, त्यामुळे त्याच रात्री कोळिकोडला उतरण्याची निकड त्यांच्या मनावर असावी, याकडेही अहवाल लक्ष वेधतो. अशा ओझ्याखाली उत्तम माणसाचाही निर्णय एका बाजूस झुकू शकतो. अनुभव आणि कर्तृत्व यांमुळे माणूस चुकीपासून पूर्णपणे मुक्त होत नाही. उलट ज्याच्यावर सर्वांचा विश्वास असतो त्याची चूक दाखविणे इतरांना अधिकच कठीण जाते. म्हणून ज्याचा लौकिक मोठा, त्याने शेजारच्याला बोलते करण्याची काळजी अधिक घ्यावयास हवी.

विचारणारा कॅप्टन

याच प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड कंपनीच्या एका डी.सी. १० विमानाचे शेपटाकडील इंजिन फुटले आणि विमान वळविण्याची, वर-खाली करण्याची सर्व यंत्रणा एकदम निकामी झाली. अशा प्रसंगासाठी कोणत्याही पुस्तकात उपाय लिहिलेला नव्हता. कॅप्टन अल हेन्स यांनी सहकाऱ्यांना विचारले. प्रवाशांमध्ये बसलेले त्याच कंपनीचे प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच यांनी मदत देऊ केली, तेव्हा हेन्स यांनी त्यांना कॉकपिटमध्ये घेतले आणि उरलेल्या दोन इंजिनांचा वेग कमी-अधिक करून विमान वळविण्याचे काम त्यांच्या हाती दिले. सुमारे पाऊण तास चार माणसांनी ते विमान आकाशात सांभाळले आणि सू सिटी येथे धावपट्टीवर आणून आदळले. २९६ जणांपैकी ११२ जण गेले. १८४ जण मात्र वाचले, आणि त्या स्थितीत तो चमत्कारच मानला गेला.

कॅप्टन हेन्स यांनी पुढे अनेक व्याख्यानांतून सांगितले की, त्या दिवशी उपयोगी पडले ते सहकाऱ्यांना बोलू देण्याचे शिक्षण. सर्वांना विचारले म्हणून त्यांचा अधिकार कमी झाला काय? विमान शेवटपर्यंत त्यांच्याच आज्ञेत होते. निर्णय त्यांचाच होता, फक्त तो चार माणसांच्या ज्ञानावर उभा होता.

आदराची भाषा आणि धोक्याची भाषा

आपल्या समाजात वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची रीत आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. तथापि त्या रीतीतून एक सवय नकळत अंगी येते. कनिष्ठ माणूस वरिष्ठाला दोष दाखविताना आडवळणाने बोलतो. 'सर, पाऊस जरा जास्तच वाटतो, नाही का?' असे तो म्हणतो. त्याच्या मनात 'सर, आता उतरणे धोक्याचे आहे, परत फिरा' असे असते. ऐकणारा कामात गढलेला असेल तर पहिल्या वाक्याला 'हो, वाटतो खरा' एवढेच उत्तर देतो आणि पुढे जातो. बोलणाऱ्याला वाटते आपण सांगितले, ऐकणाऱ्याला वाटते हवापाण्याची गोष्ट झाली.

म्हणून वैमानिकांना आता पायरीपायरीने बोलण्याचे शिक्षण दिले जाते. पहिली पायरी विचारण्याची : 'आपली उंची किती असावयास हवी?' दुसरी पायरी लक्ष वेधण्याची : 'सर, उंची जास्त आहे.' तिसरी पायरी उपाय सांगून आव्हान देण्याची : 'सर, हे सुरक्षित नाही, गो अराउंड घ्या.' आणि चौथी पायरी, यानंतरही उत्तर नसेल तर, नियंत्रण स्वतःकडे घेण्याची. यांपैकी एकाही पायरीवर 'सर' हा शब्द गाळावा लागत नाही. आदर जेथल्या तेथे राहतो, अर्थ मात्र स्पष्ट होतो.

ही शिस्त केवळ कनिष्ठाच्या हिमतीवर सोपविलेली नाही, हे विशेष होय. विमान ठरावीक उंचीवर येईपर्यंत वेग, दिशा व उतरण्याचा दर ठरलेल्या मर्यादेत नसेल तर गो अराउंड घ्यावयाचाच, असे नियमच सांगतो. त्यामुळे सहवैमानिकाने कॅप्टनच्या कौशल्यावर शंका घेतली, असा प्रश्न उद्भवत नाही. तो केवळ नियम वाचून दाखवितो. दोनदा स्पष्ट सूचना देऊन प्रतिसाद मिळाला नाही तर दुसऱ्याने नियंत्रण घ्यावे, असे अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. आणि गो अराउंड घेतल्याबद्दल, इंधन व वेळ खर्ची पडला म्हणून, वैमानिकाला दोषी धरू नये, हे धोरणही आता रूढ होत आहे. कारण परत फिरणाऱ्याला जाब विचारला गेला, तर पुढच्या वेळी कोणी परत फिरणार नाही.

चांगला कॅप्टन उड्डाणापूर्वीच सहकाऱ्यांना सांगतो की, माझी चूक दिसली तर लगेच बोला. हे एक वाक्य उच्चारावयास काही क्षण लागतात. पण ते आधी उच्चारलेले असेल तर ऐन संकटात कनिष्ठाला तोंड उघडण्यासाठी परवानगी मागावी लागत नाही.

जमिनीवरील कॉकपिट

हे सारे कार्यालयात, शाळेत आणि ग्रामपंचायतीत कितपत लागू पडते, याचा विचार येथे जमलेल्यांनी करावयाचा आहे.

शासकीय सेवेत अंतिम निर्णय वरिष्ठाचा असतो, पण नस्तीवर पहिली टिपणी कनिष्ठ लिहितो. यामागील हेतू कॉकपिटमधल्यासारखाच आहे. प्रत्यक्ष कागद ज्याने पाहिले त्याचे मत निर्णयापूर्वी नोंदले जावे. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याने आपल्या उत्तम निर्णयबुद्धीने काम करावयाचे असते आणि वरिष्ठाच्या निदेशावरून वागावयाचे झाल्यास शक्य तेथे तो निदेश लेखी घ्यावयाचा असतो. कनिष्ठाला बोलण्याची जागा नियमाने दिलेली आहे. साहेबांना काय आवडेल ते आधी विचारून मग टिपणी लिहिली गेली, तर ती जागा रिकामी राहते आणि नस्तीवर सह्या अनेक असूनही मत एकाचेच उरते.

शाळेत मुख्याध्यापकाचा शब्द चालावा हे योग्यच. परंतु सहलीची बस जुनी आहे, वर्गाच्या छपराची वासे-कौले खचली आहेत, हे प्रथम दिसते ते शिक्षकाला, शिपायाला आणि कित्येकदा मुलांना. फळ्यावरील गणितात गुरुजींची चूक झाली तर ती दाखविणाऱ्या मुलाला जो शिक्षक शाबासकी देतो, तो उद्याचा सहवैमानिक घडवीत असतो. त्याच मुलाला उलट उत्तर दिले म्हणून खाली बसविले गेले, तर तो शिकलेला धडा आयुष्यभर विसरत नाही.

ग्रामपंचायतीत सरपंच हा कॅप्टन म्हटला तर ग्रामसभा हा त्याचा सहवैमानिक आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. त्या सभेत मागच्या रांगेतून उठलेला प्रश्न अनेकदा अडाणी वाटतो, वेळ खाणारा वाटतो. टेनेरिफच्या कॉकपिटमध्ये मागच्या आसनावरून आलेला प्रश्नही तसाच वाटला असेल.

रत्नागिरी जिल्ह्याला यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. धरणातून पाणी झिरपत असल्याकडे ग्रामस्थांनी त्यापूर्वीच लक्ष वेधलेले होते. दोष कोणाचा आणि किती, हे ठरविणे चौकशी करणाऱ्यांचे काम आहे, या व्याख्यानाचे नव्हे. परंतु एक गोष्ट मनात ठेवलीच पाहिजे. धरणाच्या पायथ्याशी राहणारा माणूस अभियंता नसतो, त्याच्या तक्रारीची भाषा तांत्रिक नसते, त्याच्या अर्जात आकडे नसतात. तरीही ओली झालेली माती त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. त्याचा शब्द वर चढून निर्णय घेणाऱ्यापर्यंत किती वेगाने आणि किती शाबूत पोहोचतो, यावर कित्येकांचे प्राण अवलंबून असतात.

यास्तव काही साध्या गोष्टी प्रत्येक ठिकाणी करता येण्याजोग्या आहेत. बैठकीत वरिष्ठाने आपले मत शेवटी सांगावे. ते आधी सांगितले की उरलेली बैठक त्याला दुजोरा देण्यात जाते. धोक्याची सूचना कोणी दिली तर ती कोणी दिली हे न पाहता काय दिली हे आधी पाहावे, तिची नोंद करावी आणि तिचे पुढे काय झाले हे देणाऱ्याला कळवावे. कोणत्या स्थितीत काम थांबवावयाचेच, हे आधी लिहून ठेवावे : नदीचे पाणी अमुक खुणेवर आले की वाहतूक बंद, भिंतीला तडा दिसला की वर्ग बाहेर. असा नियम असला की शिपायालाही साहेबांना थांबविता येते आणि त्यात कोणाचा मानभंग होत नाही. सूचना खोटी ठरली तरी देणाऱ्याला हिणवू नये. दहा वेळा विनाकारण परत फिरलेले विमान दहाही वेळा सुखरूप उतरलेले असते.

कनिष्ठांचेही कर्तव्य तेवढेच मोठे आहे. निर्णय झाल्यावर बाहेर जाऊन कुजबुजणे सोपे असते. वेळेवर, समोर, नेमक्या शब्दांत आणि उपायासह बोलणे कठीण असते. ज्याला बोलण्याचा अधिकार हवा त्याने आपले उपकरण नीट वाचलेले असले पाहिजे. अभ्यास न करता घेतलेली हरकत ही सावधगिरी नव्हे, तो नुसता अडथळा होय. आणि ऐकून घेतल्यानंतर वरिष्ठाने वेगळा निर्णय घेतला, त्यात जिवाला धोका नसला, तर तो मनापासून पाळणे हेही त्याच शिस्तीचे अंग आहे.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील जुना खलाशी तांडेलाच्या आज्ञेबाहेर जात नाही. पण नौकेच्या नाळीवर उभा असलेला पोरगा 'समोर खडक' असे ओरडला, तर तो कोणाच्या घरचा आणि किती वर्षांचा, हे तांडेल विचारीत बसत नाही. तो आधी सुकाणू फिरवितो. अधिकाराची ही रीत मंगळूर आणि कोळिकोडच्या अहवालांनी नव्या शब्दांत सांगितली आहे. ती आपल्या कार्यालयांत, शाळांत आणि ग्रामसभांत उतरली, तर त्या अपघातांत गेलेल्यांचे ऋण काही अंशी तरी फिटेल.